अनसर्च्ड लॉट (नाणी)

अनसर्च्ड लॉट म्हणजे जुन्या नाण्यांचा ढीग, पिशवी किंवा डबा, जो विक्रेत्याने आधी तपासलेला वा निवडलेला नाही असे सांगून वजनावर किंवा नगावर ठोक विकला जातो. ‘न निवडलेला माल’, ‘आजोबांचा डबा’, ‘जसा मिळाला तसा’ अशा शब्दांतही हीच हमी दिली जाते. अशा व्यवहारात ग्राहक नाण्यांपेक्षा शक्यतेची किंमत मोजत असतो. शेकडो सामान्य नाण्यांत एखादे दुर्मीळ नाणे निघेल, ही ती शक्यता. माल खरोखरच कोणी चाळलेला नसेल तरच ती शिल्लक राहते. प्रत्यक्षात ग्राहकापर्यंत पोहोचेतो ढीग बहुधा अनेक हातांखालून गेलेला असतो.

हा प्रकार भारतापुरता नाही. अमेरिकेत गव्हाच्या लोंब्यांचे चित्र असलेले १९०९ ते १९५८ या काळातील सेंट पिशव्या भरून याच हमीवर विकले जातात, तर युरोपात बाल्कन प्रदेशातून येणारी मातीने माखलेली रोमन तांब्याची नाणी ‘न साफ केलेली’ म्हणून विकली जातात.

== मालाचा उगम ==

महाराष्ट्रात असा माल मुख्यतः तीन वाटांनी बाजारात येतो. देवघरातून, फडताळातून वा जुन्या पेटीतून निघालेली नाणी वाटणीच्या किंवा घर मोडण्याच्या वेळी सराफाकडे अथवा भंगारवाल्याकडे जातात. दुसरी वाट मोडीची. तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर आलेली तांब्याची नाणी धातूच्या भावाने घेतली जातात. नाशिकसारख्या तांबटकामासाठी प्रसिद्ध असलेल्या शहरांत पूर्वी ती पुष्कळदा भट्टीतच जात. तिसरी वाट नदीची. त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावणाऱ्या गोदावरीत यात्रेकरू श्रद्धेने नाणी टाकतात आणि नाशिकच्या रामकुंड परिसरात ती पात्रातून वेचणारेही असतात. पात्रातून निघणारी बहुतेक नाणी अलीकडच्या चलनातील असतात. तरीही ‘गोदावरीत सापडलेली’ एवढ्या दोन शब्दांनी पिशवीचे वजन ग्राहकाच्या मनात वाढते.

== निवड कशी होते ==

पहिली निवड धातूची. ब्रिटिशकालीन चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा होता आणि त्यात १९४० पूर्वी सुमारे ९१.७ टक्के चांदी असे. त्यामुळे तो कितीही झिजला तरी धातूचे मोल टिकवून असतो आणि सराफाच्या तराजूपलीकडे सहसा जात नाही. ठोक ढिगात उरतात ती तांब्याची, काशाची, निकेलची व अ‍ॅल्युमिनियमची नाणी.

दुसरी निवड वर्षाची व टांकसाळीची. १९११ सालच्या पंचम जॉर्जच्या रुपयाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. राजाच्या झग्यावरील हत्तीची सोंड आखूड दिसल्याने ती आकृती डुकरासारखी भासते असा आक्षेप निघाला. बहुतेक नाणी वितळवण्यात आली आणि १९१२ पासून आकृती सुधारण्यात आली. १९११ हा आकडा पाहण्यास भिंगाची गरज नाही. म्हणूनच तो रुपया ठोक मालात सापडत नाही. स्वातंत्र्योत्तर नाण्यांवर वर्षाखालील खूण पाहिली जाते: मुंबईचा चौकट-आकार, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, तर कोलकात्याची खूणच नसते. ज्या वर्षी एखाद्या टांकसाळीने कमी नाणी पाडली, त्या खुणेची नाणी आधी वेचली जातात.

तिसरी निवड ओळखीची. ठोक व्यापारी आपल्या नेहमीच्या संग्राहकांना माल आधी दाखवतो. त्यांनी हात फिरवल्यावर उरलेल्या नाण्यांत दोनचार देखणे नग वरच्या थरात ठेवून पिशवी बांधली जाते. अशा पिशवीस ‘न निवडलेली’ म्हणताना शेवटचा विक्रेता खोटे बोलतच असेल असे नाही. त्याने स्वतः काही निवडलेले नसते. निवडण्यासारखे काही त्याच्यापर्यंत आलेलेच नसते.

== शिवराईचे लॉट ==

महाराष्ट्रात सर्वाधिक ठोक विकले जाणारे ऐतिहासिक नाणे म्हणजे शिवराई. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ असा लेख असलेले हे तांब्याचे नाणे छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात सुरू झाले, परंतु नंतर दीर्घकाळ अनेक टांकसाळींतून, सरकारी व खासगी मक्त्यांतून पाडले गेले. किलोभर वजनात साधारण शंभराच्या आसपास शिवराया बसतात. बाजारातील बहुतेक शिवराया पेशवेकालीन आहेत. दोन आडव्या रेघा असलेली ‘दुदांडी’ शिवराई ही त्यांतील नेहमी आढळणारी जात. विक्रेता मात्र सरसकट सर्व नाणी ‘महाराजांच्या काळातील’ म्हणून देतो. आरंभीच्या शिवराया अधिक वजनदार असून त्यांची अक्षरे वळणदार असतात. नाणे ठशाहून लहान असल्याने अर्धा लेख बाहेर गेलेला असतो. त्यामुळे अक्षरवळण, काने-मात्रा आणि कडेच्या ठिपक्यांची माळ पाहिल्याशिवाय काळ ठरवता येत नाही. अक्षरांतील बारीक फरक जाणणाऱ्यास शिवराईच्या ढिगात आजही काही मिळू शकते, कारण येथे निवड करणे कठीण आहे. वर्ष छापलेल्या नाण्यांच्या ढिगात ही सोय नसते.

शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन मात्र अशा ढिगात नसतो. तो ‘निघाला’ असे कोणी सांगितल्यास तो बनावट समजावा. होनाच्या नकला मोठ्या प्रमाणावर प्रचलित आहेत.

== बनावट भरणा ==

तीर्थक्षेत्रांच्या ठिकाणी ठोक मालात आणखी एक भर पडते. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ सारखे साल आणि राम, हनुमान किंवा अन्य देवतांचे चित्र असलेले तुकडे ‘कंपनीचा दैवी आणा’ म्हणून दिले जातात. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. रामदरबाराच्या जुन्या रामटंक्यांचे स्थान वेगळे: ते पूजेसाठीचे धार्मिक बिल्ले आहेत, चलन नव्हे. काही नाणी तांदूळ ओढून घेतात आणि म्हणून त्यांचे कोट्यवधी रुपये मिळतात, ही ‘राइस पुलर’ची कथा निव्वळ फसवणूक असून तिच्यावरून देशभर गुन्हे नोंदले गेले आहेत. ओतीव नकल ओळखण्यास कडेवरील सांध्याची रेघ, पृष्ठभागावरील बारीक खड्डे आणि वजनातील फरक या तीन गोष्टी बहुधा पुरतात.

== हिशेब ==

उदाहरणादाखल ५०० नाण्यांचा लॉट नगास २० रुपये या दराने १०,००० रुपयांना घेतला आणि त्यातील सामान्य नाण्यांचा पुनर्विक्रीचा भाव १० रुपये धरला, तर ५,००० रुपयांची तूट केवळ दुर्मीळ नाण्यांनी भरून निघावी लागते. ती नाणी आधीच वेचली गेली असतील तर तूट ही तूटच राहते. नगाचा भाव सुट्या सामान्य नाण्याच्या भावाहून जास्त असेल, तर तेवढी जास्तीची रक्कम आशेची किंमत होय. वर्षांची वाटणीही बोलकी असते. सर्व सोपी वर्षे हजर आणि सर्व कठीण वर्षे गैरहजर, असा ढीग योगायोगाने होत नाही.

== खरोखर न निवडलेला ढीग: जोगलटेंभी ==

न चाळलेल्या नाण्यांचे खरे मोल कशात असते, हे नाशिक जिल्ह्यातच दिसून आले. १९०६ साली सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे सुमारे १३,२५० चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सर्व नाणी मुळात क्षहरात क्षत्रप नहपानाची होती. पैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला होता. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी हा साठा अभ्यासून प्रसिद्ध केला.

यातील प्रत्येक नाणे स्वतंत्रपणे फार दुर्मीळ नाही. महत्त्व आहे ते प्रमाणाला. सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर दुसऱ्या राजाचा ठसा आणि त्याच्या जोडीला नहपानाशिवाय अन्य कोणाही क्षत्रपाचे नाणे नसणे, यांवरून सातकर्णीने नहपानाची सत्ता मोडून त्याचेच चलन आपल्या नावाने चालवले, हा निष्कर्ष भक्कम झाला. नाशिकच्या पांडवलेणीतील गौतमी बलश्रीचा शिलालेख आपल्या पुत्राने क्षहरात वंश निर्मूल केल्याचे सांगतो. नाण्यांनी त्यास दुजोरा दिला. राजाचे चेहरे नाण्यानाण्यांवर इतके निरनिराळे आहेत की ते एकाच व्यक्तीचे नसावेत, असेही स्कॉट यांना वाटले. एखाद्या सराफाने आधीच देखणी पाचशे नाणी काढून घेतली असती, तर यांतील एकही प्रश्न नीट विचारता आला नसता.

म्हणून निवडलेला ढीग ‘न निवडलेला’ म्हणून विकण्यात ग्राहकाच्या पैशांहून मोठे नुकसान होते. कोणती नाणी एकत्र होती आणि कोठे होती, ही माहिती एकदा पुसली की कोणत्याही भिंगाने परत येत नाही.

== कायदा ==

जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास त्याची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यास देणे भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार बंधनकारक आहे. ती न दिल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘शेतात सापडलेला हंडा’ अशी जाहिरात करणारा विक्रेता म्हणजे एकतर कथा रचत असतो किंवा गुन्हा कबूल करत असतो. पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात आणि खासगी व्यक्तीस ती परदेशी पाठवता येत नाहीत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केले की जुन्या नोटा व नाण्यांच्या व्यवहारात बँक सहभागी नाही आणि त्यासाठी कोणतेही शुल्क वा कमिशन मागत नाही.

== नोंद व जतन ==

त्र्यंबकेश्वर तालुक्यातील अंजनेरी येथे, नाशिक–त्र्यंबक रस्त्यालगत, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च इन न्यूमिस्मॅटिक स्टडीज ही नाणकशास्त्राची संस्था आहे. डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांच्या पुढाकाराने ती १९८० मध्ये स्थापन झाली. संस्थेत नाण्यांचे संग्रहालय व ग्रंथालय आहे. अस्सल नाणी एकापाठोपाठ एक पाहिलेल्या डोळ्यास नकल लवकर खुपते, त्यामुळे लॉट घेण्याआधी अशा ठिकाणी घालवलेला दिवस स्वस्त पडतो.

लॉट घेतलाच तर तो फोडण्याआधी एकूण नग, वजन, विक्रेत्याने सांगितलेले ठिकाण आणि तारीख लिहून ठेवावी, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि किरकोळ वाटणारी नाणीही लगेच वेगळी काढून विकू नयेत. चिंच, लिंबू वा राखेने नाणी घासण्याची घरगुती रीत टाळावी. तांब्यावर शतकभरात चढलेला हिरवा-तपकिरी थर गेला की नाणे चकचकीत दिसते, परंतु त्याचा भाव उतरतो आणि अक्षरांची उरलीसुरली कडही झिजते.