दुर्बीण, नेत्रिका आणि आपला डोळा

शनिपारावरून जाताना माझे वडील अजूनही चपला काढून हात जोडतात. मार्केट यार्डात तोलाईचे काम करण्यात त्यांचा जन्म गेला. शनी दुर्बिणीतून दाखवतात असे मी कॉलेजातून ऐकून आलो आणि एका रात्री त्यांना मैदानावरच्या आकाशदर्शनाला घेऊन गेलो. रांग मोठी होती. आमची पाळी आली तेव्हा दुर्बिणीपाशी उभा असलेला मुलगा म्हणाला, "काका, चष्मा काढा. दिसलं का?" वडील वाकले, क्षणभर थांबले आणि "दिसलं, दिसलं" म्हणून बाजूला झाले. मला स्वतःच्या पापण्या आणि एक थरथरणारा पांढरा डाग दिसला. मीही "दिसलं" म्हणालो. परत येताना बसमध्ये वडिलांनी हळूच विचारले, "कसा होता रे?"

मागे लोक खोळंबलेले असताना 'नाही दिसलं' म्हणायला धीर लागतो. शिकलेल्यांच्या घोळक्यात तर जास्तच लागतो. दोष आमच्या डोळ्यांचा किंवा अडाणीपणाचा असणार असेच आम्ही दोघांनी धरले होते. खरा दोष कशाचा होता हे समजायला मला पुढे काही महिने लागले. मी कला शाखेचा विद्यार्थी. दहावीनंतर भौतिकशास्त्राशी संबंध सुटलेला. पण ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालापासून ज्या शहरात आहे, तिथे विचारायला माणसे मिळतात.

दुर्बिणीच्या तोंडाशी असलेले मोठे भिंग, किंवा तळाचा आरसा, प्रकाश गोळा करून एक लहानशी प्रतिमा तयार करतो. ती प्रतिमा मोठी करून दाखवणारे डोळ्याजवळचे नळकांडे म्हणजे नेत्रिका, आपण बोलताना म्हणतो तो आयपीस. घड्याळजी डोळ्याला लावतो त्या भिंगाचीच ही सुधारलेली बहीण. नेत्रिकेवर २५, १० किंवा ६ असा मिलिमीटरचा आकडा कोरलेला असतो. हे तिचे नाभीय अंतर. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला या आकड्याने भागले की किती पट मोठे दिसणार ते कळते. दुर्बीण ७०० मि.मी.ची असेल तर २५च्या नेत्रिकेने २८ पट, १०च्या नेत्रिकेने ७० पट आणि ६च्या नेत्रिकेने सुमारे ११७ पट. म्हणजे आकडा लहान तितके चित्र मोठे. नवखा माणूस साहजिकच लहान आकड्याकडे धावतो. त्या रात्री दुर्बिणीला ६ची नेत्रिका लावलेली होती.

पण दुसरी एक गोष्ट नेत्रिकेवर बहुधा कोरलेली नसते. संपूर्ण चित्र एकदम दिसण्यासाठी डोळा भिंगापासून किती दूर ठेवायचा, हे अंतर प्रत्येक नेत्रिकेचे ठरलेले असते. आपण त्याला नेत्रांतर म्हणू. व्हिएन्नाच्या प्लॉसल यांनी १८६० मध्ये बसवलेल्या आणि आजही सर्रास मिळणाऱ्या रचनेत ते नाभीय अंतराच्या साधारण सात-दशांश असते. २५च्या नेत्रिकेला सतरा-अठरा मि.मी., पण ६च्या नेत्रिकेला जेमतेम चार! चार मिलिमीटरवर डोळा न्यायचा म्हणजे पापण्या काचेला घासणारच. तेलकट डाग पडतो, थंडीत श्वासाची वाफ धरते आणि पुढच्या माणसाला धुकेच दिसते. चष्मा घालून तर तिथवर पोहोचताच येत नाही. चष्मेवाल्याला पंधरा ते वीस मि.मी. नेत्रांतर हवे.

मग चष्मा काढला तर? इथे नंबर कोणता ते पाहावे लागते. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा खुशाल काढावा. दुर्बिणीचे चाक थोडे फिरवले की चित्र स्पष्ट होते. मात्र ते चाक पाहणाऱ्याने स्वतः फिरवले पाहिजे. आमच्या वेळी कोणी हात लावू दिला नाही. वडिलांसाठी शनी पसरटच राहिला असणार, कारण तो दाखवणाऱ्या मुलाच्या डोळ्याला जुळवलेला होता. सिलिंडरचा नंबर असेल तर मात्र चाकाने भागत नाही. कमी पटीने पाहताना तरी चष्मा ठेवावा लागतो. पट वाढली की नेत्रिकेतून येणारा प्रकाशाचा झोत बारीक होतो, बुबुळाचा थोडाच भाग वापरला जातो आणि हा दोष कमी जाणवतो. दुर्बिणीच्या तोंडाची रुंदी भागिले पट, इतकी त्या झोताची जाडी. ७० मि.मी.च्या दुर्बिणीत २८ पटीला ती अडीच मि.मी. भरते, तर ११७ पटीला अर्ध्याहून किंचित जास्त. इतक्या बारीक झोतात डोळा नेमका आणायचा आणि तोही कंबरेत वाकून! डोळा जरा हलला की सगळे काळे.

मोठी पटही हवी आणि सोयही हवी, तर बार्लो भिंग नावाचा एक तोडगा आहे. ते नेत्रिकेच्या अलीकडे बसवले की पट दुप्पट होते आणि नेत्रांतर कमी होत नाही. २५ची नेत्रिका आणि बार्लो मिळून ५६ पट होतात. शनीला तेवढे पुरते. अर्थात दुर्बिणीच्या तोंडाच्या दर मिलिमीटरमागे दोन पटीच्या पुढे गेल्यास नुसता धूसरपणाच मोठा होतो. काही स्वस्त संचांत नेत्रिकेला लावायची सूर्याची काळी काच येते, ती मात्र फेकूनच द्यावी. उन्हाने ती तडकते आणि डोळा जातो.

पुढल्या वेळी मी वडिलांना ओळखीच्या एका हौशी निरीक्षकाच्या गच्चीवर नेले. स्टूल ठेवले. २५ची नेत्रिका, वर बार्लो, वडिलांचा चष्मा डोळ्यांवर. दुसरा डोळा मिटू नका, त्यावर नुसता तळवा धरा, असे सांगितले. डोळा लांबून हळूहळू जवळ आणला की आधी बारीक ठिपका आणि मग कडेपर्यंत भरलेला गोल दिसतो. तिथेच थांबायचे. वडिलांनी चाक स्वतः मागे-पुढे फिरवले, काटा स्थिर व्हायची वाट पाहतात तसे. बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "ह्याला तर दोन कान हायेत."

गॅलिलिओलाही १६१० मध्ये असेच कोडे पडले होते. त्याला शनी तीन गोळ्यांचा वाटला. ते कडे आहे, असा उलगडा हायगेन्सने १६५९ मध्ये प्रसिद्ध केला. दोन भिंगांच्या एका जुन्या नेत्रिकेलाही याच हायगेन्सचे नाव आहे. हे मी वडिलांना सांगणार होतो, पण ते स्टुलावरून उठायला तयार नव्हते.