पदवी आहे, आता नर्स व्हायचंय? बारावीची मार्कशीट शोधा

मागच्या कार्यक्रमानंतर राहुरीकडच्या एका ताईंचा आपल्या केंद्रावर फोन आला होता. वय ३२, बी.कॉम. झालेल्या, एका दुकानात हिशेब लिहितात. त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं, की परदेशात पदवीधर बाई दीड-दोन वर्षांत नर्स होते. "आपल्याकडे तसं काही आहे का हो? पदवी तर माझ्याकडे आहेच," असं त्या विचारत होत्या.

त्यांनी ऐकलं ते खरं आहे. अमेरिकेत दुसऱ्या विषयाची पदवी असलेल्यांसाठी साधारण वर्ष-दीड वर्षाचे नर्सिंगचे अभ्यासक्रम आहेत. इंग्लंडमध्येही पदवीनंतर दोन वर्षांत नोंदणीपर्यंत नेणारे अभ्यासक्रम आहेत. आपल्याकडे मात्र असा रस्ता नाही. तुम्ही बी.ए. असा, बी.कॉम. असा, नाहीतर एम.ए., बी.एड. असा, नर्सिंगच्या दारात तुम्हाला विचारतात ती बारावी. पदवीमुळे एकही वर्ष वाचत नाही. एम.एस्सी. नर्सिंग आहे, पण ते आधीच नर्स असलेल्यांसाठी. त्याला नर्सिंगचीच पदवी आणि नोंदणी लागते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. मी स्वतः कला शाखेची पदवीधर. सहा वर्षं एका पतसंस्थेत कारकून होते. आईच्या आजारपणात तीन आठवडे वॉर्डात काढले आणि त्या मुक्कामात मनाने घेतलं, की हे काम आपण करायचं. मग मी काय केलं? बाजारातल्या एका दुकानावर 'नर्सिंग, एक वर्षात, नोकरीची हमी' अशी पाटी होती, तिथे जाऊन पैसे भरले. वर्षभर गेले, प्रमाणपत्र घेतलं, आणि रुग्णालयात मुलाखतीला गेले तेव्हा समोरच्या मेट्रननी एकच प्रश्न विचारला, "नोंदणी क्रमांक?" तो नव्हताच. त्या कागदावर तो कधी मिळणारही नव्हता. वर्ष गेलं, पैसे गेले, आणि घरात तोंड दाखवायची चोरी झाली ती वेगळीच.

म्हणून आधी नोंदणीचं बोलू. आपल्या राज्यात १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याखाली महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल नावाची परिषद काम करते. तिच्या नोंदवहीत नाव असेल तीच नोंदणीकृत परिचारिका. देशपातळीवर १९४७ च्या कायद्याने झालेली भारतीय परिचर्या परिषद अभ्यासक्रम ठरवत आली. २०२३ साली संसदेने त्या जागी राष्ट्रीय आयोग नेमण्याचा नवा कायदा केला आहे. वरचं नाव बदललं तरी तुमच्या कामाचा प्रश्न तोच राहतो, ज्या संस्थेत पैसे भरणार, तिथून शिकलेल्या मुलीचं नाव त्या नोंदवहीत लागतं का? फी भरण्याआधी मान्यतेचं पत्र मागा आणि ते यंदाचं आहे का तेही पाहा. 'पत्र येतंय, प्रोसेसमध्ये आहे' असं उत्तर आलं, तर चहा पिऊन परत या. आणि घरबसल्या, ऑनलाइन किंवा फक्त रविवारी येऊन नर्स होता येत नाही, हेही पक्कं धरा.

आता रस्ते. ए.एन.एम. हा दोन वर्षांचा. बारावी कला किंवा विज्ञान चालते. यातून आरोग्यसेविकेचं काम मिळतं, उपकेंद्रातलं, लसीकरणाचं, गरोदर बायांच्या तपासणीचं. मोठं काम आहे ते, पण ए.एन.एम.ची नोंदणी वेगळी होते. रुग्णालयातल्या अधिपरिचारिकेच्या, म्हणजे स्टाफ नर्सच्या जागेला ती पुरत नाही. पुष्कळ जणी हे दोन वर्षं झाल्यावर कळून रडतात.

जी.एन.एम. तीन वर्षांचा, अखेरची प्रत्यक्ष सेवा त्यातच धरून. बारावीला इंग्रजी हवं आणि ४० टक्के हवेत. शाखा विज्ञान असली तर बरं, पण कला-वाणिज्यवाल्यांनाही दार बंद नाही. मी याच दाराने आत आले. आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. त्याला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतंच. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४०. त्याची परीक्षा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, आणि प्रवेशासाठी आता सीईटी द्यावी लागते. जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. झालं, की तुम्ही नोंदणीकृत परिचारिका आणि प्रसविका. जी.एन.एम. झालेलीला पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून पदवी घेता येते. ज्यांची बारावी कला शाखेची, पण बी.एस्सी.च करायचं ठरलंय, त्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून विज्ञानाची बारावी पुन्हा देता येते. मात्र त्यात वर्ष जातं, आणि वर्ष जाण्याला इथे किंमत आहे.

ती किंमत वयाची. परिचर्या परिषदेच्या नियमांत प्रवेशाचं वय १७ ते ३५ धरलेलं आहे. बत्तिसाव्या वर्षी विचारणारीने 'पोरं जरा मोठी झाली की बघू' म्हटलं, तर पोरं मोठी होतील आणि दार लागेल. ज्या आधीच नोंदणीकृत ए.एन.एम. आहेत त्यांना जी.एन.एम.साठी ही वयाची अट नाही. आपल्या श्रोत्यांत अशा बऱ्याच जणी आहेत, त्यांनी हे जरूर टिपून ठेवा. अर्ज कराल त्या वर्षीची माहितीपुस्तिका मात्र स्वतः वाचा. माझ्या सांगण्यावर किंवा एजंटच्या सांगण्यावर राहू नका.

कुठे शिकायचं म्हणाल तर फार लांब जायला नको. लोणीला प्रवरेचं नर्सिंग कॉलेज आहे, विळद घाटात विखे पाटील फाउंडेशनचं आहे, नगर शहरात साल्व्हेशन आर्मीच्या बूथ हॉस्पिटलात नर्सिंगचं शिक्षण चालतं. फीचं विचारताना एक लक्षात ठेवा. २०२४ पासून आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी सरकार भरतं, पण प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून गेलात तर नाही. आपल्या अभ्यासक्रमाला हे लागू आहे का, ते कॉलेजच्या कचेरीत लेखी विचारा.

काही जणी म्हणतील, जामखेडला तर न शिकलेल्या बायाही आरोग्याचं काम करतात, मग आम्हालाच एवढे कागद का? प्रश्न रास्त आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं आणि गावानेच निवडलेल्या, काही तर अक्षरओळख नसलेल्या बायांना शिकवून बाळंतपण, पोरांचं पोषण, जुलाबावरचे उपाय त्यांच्या हाती दिले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शेतमजुरी करणारी बाई गावाची आरोग्य कार्यकर्ती झाली, याहून मोठा कामातला बदल मला तरी माहीत नाही. पण त्या आपल्या गावात, गावाच्या विश्वासावर काम करतात. अतिदक्षता विभागात रात्री दोन वाजता अनोळखी पेशंटच्या शिरेत औषध सोडताना तुम्ही ते शिकला आहात याची खात्री कुणीतरी आधी केलेली असावी लागते. नोंदणी म्हणजे ती खात्री.

आणि वय झालं, संसार झाला, आता कसलं शिक्षण, हे बोलणं जुनं आहे. १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन काढलं, तेव्हा तिथे शिकून नर्स झालेल्यांत विधवा बायका होत्या. त्यांना तर घरातून बाहेर पडण्यासाठीच भांडावं लागलं असेल.

शिकताना जड काय जातं? मला इंग्रजी जड गेलं. शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, सगळी पुस्तकं इंग्रजीत. पहिले चार महिने मी शब्दांची वही केली, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी. हिशेब मात्र पतसंस्थेने शिकवला होता. ५०० मिलिलिटर सलाइन आठ तासांत द्यायचं, सेट २० थेंबांना एक मिलिलिटरचा, तर मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे साधारण २१. वर्गातल्या अठरा वर्षांच्या पोरी वही काढायच्या, मी तोंडी सांगायचे. तिथे मला पहिल्यांदा वाटलं, की मागची सहा वर्षं अगदीच पाण्यात गेली नाहीत.

रात्रपाळीचं आधी घरात बोलून घ्या. वर्ग पूर्ण वेळाचा असतो, नोकरी सांभाळून होत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी वसतिगृहात राहावं लागतं. माझ्या सासूबाईंनी मुलाला सांभाळलं म्हणून माझं झालं. ज्यांच्या घरी कुणी नाही, त्यांनी तीन वर्षांच्या खर्चाबरोबर मूल सांभाळणाऱ्या बाईचा पगारही मांडावा.

कागदांत लग्न झालेल्यांची एक अडचण हमखास येते. बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद आधीच करून ठेवा. जातीचा दाखला माहेरचाच लागतो, आणि नॉन-क्रीमीलेअरलाही आई-वडिलांची स्थिती पाहतात, नवऱ्याची नाही. शिक्षणात खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्रही लागेल.

राहुरीच्या ताईंना मी परवा फोन केला. बारावी वाणिज्य, इंग्रजीत ५२ गुण, म्हणजे जी.एन.एम.चा अर्ज भरता येईल. मार्कशीट कुठंय विचारलं, तर म्हणाल्या, माहेरी, पत्र्याच्या पेटीत. रविवारी आणायला जाणार आहेत.