सीमाभागातला बास्केटबॉल: दोन हुकलेले मोसम

12 मार्च 2020 ला कोरोनामुळे अमेरिकेतली कॉलेज बास्केटबॉलची मोठी स्पर्धा रद्द झाली, त्यावर तिकडे रकानेच्या रकाने छापून आले. पंधरवड्यात आमच्याही ग्राउंडांना कुलपं लागली. त्याची दोन ओळींची बातमी झाली नाही. सीमाभागात बास्केटबॉल म्हणजे पंगतीत शेवटी बसलेला पाहुणा. कोच म्हणून मी आयुष्यभर त्यालाच वाढत आलो, तेव्हा लिहिणार तेही त्याच्यावरच.

विषाणू सगळीकडे एकच, आमच्या वाट्याला सरकारं मात्र दोन. निपाणीचं बागेवाडी कॉलेज कर्नाटकात, राणी चन्नम्मा विद्यापीठाचं. गावाला चिकटून अर्जुननगरचं देवचंद कॉलेज. ते महाराष्ट्रात, कागल तालुक्यात, शिवाजी विद्यापीठाचं. कर्नाटकातली कॉलेजं 17 नोव्हेंबर 2020 ला उघडली, महाराष्ट्रातली 15 फेब्रुवारी 2021 ला. दुसऱ्या लाटेनंतर पुन्हा तेच: कर्नाटकात जुलैअखेर, महाराष्ट्रात 20 ऑक्टोबर. शिवाय सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद. एकाच गल्लीतल्या दोघांपैकी एकाचं कॉलेज चालू, दुसऱ्याचं बंद. प्रॅक्टिसला दहा जण जमायचे कसे?

स्पर्धांचं थोडक्यात सांगतो. विद्यापीठांची पहिली खेलो इंडिया स्पर्धा फेब्रुवारी-मार्च 2020 मध्ये भुवनेश्वरला झाली, दुसरी थेट एप्रिल 2022 मध्ये बंगळुरात. अमेरिकेनं आपल्या कॉलेज खेळाडूंना एक जादा वर्ष दिलं. आमच्या पोरांच्या हातात डिग्री पडली, युनिव्हर्सिटी ब्लू, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळल्याचा मान, राहिला तो राहिलाच.

पोरं मोबाइलला चिकटली म्हणून खेळ बुडाला, असं व्यासपीठावरून सांगणारे काही विद्वान आहेत. त्यांनी निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीमागे एकदा यायला हवं होतं. माझा एक पॉइंट गार्ड, आई विड्या वळणारी, रोज संध्याकाळी वखारीच्या भिंतीवर चेस्ट पास मारायचा. चेंडूचे दाणे झिजून तो गुळगुळीत झालेला. "सर, भिंत चुकत न्हाई ओ," म्हणाला. तिथंच घात होता. भिंत जागची हलत नाही. ग्राउंड उघडल्यावर पोरगा गडी उभा असेल तिथं पास द्यायला लागला. गडी पोचणार असेल तिथं द्यायचं विसरला.

आमची पोरं बुटकी. उंच सेंटर आम्हाला कधी मिळाला नाही, म्हणून मी वर्षानुवर्षं फास्ट ब्रेकच घोटून घेतला: रिबाउंड, कडेला आउटलेट पास, मधून धाव, ले-अप. ही विद्या पुस्तकात नाही. थर्ड इयरचा पोरगा फर्स्ट इयरच्या पोराला ओरडून, ढकलून शिकवतो. दोन मोसम गेले आणि शिकवणारे शिकणाऱ्यांना न भेटताच कॉलेजाबाहेर पडले. 2022 च्या संघात सगळेच नवखे, ओरडायचं कुणी?

आता आमचेच काही जाणकार म्हणतात, तीन-तीन जणांचा खेळ घ्या, टोकियो ऑलिंपिकमध्येही आला. घ्या की. पण त्यात मैदान अर्धं, टोपली एकच. फास्ट ब्रेक पळवायचा कुठं? शिवाय एकदा सहा पोरांत भागतंय म्हटल्यावर बाकीच्या अर्ध्या कोर्टावर स्कूटरी लावायला कॉलेजवाले टपलेलेच आहेत.