करमाफी झाली, आता तपासणीचं बघा

वस्तू व सेवा कराच्या नव्या रचनेत ३३ जीवरक्षक औषधांवरचा १२ टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्यावर आला. त्या यादीत अलेक्टिनिब, एन्ट्रेक्टिनिब, टेपोटिनिब आणि अमिव्हँटामॅब ही नावं आहेत. चारही औषधं फुफ्फुसाच्या कर्करोगात वापरली जातात, तीही गाठीत ठरावीक जनुकीय बिघाड सापडला तरच. त्याआधी २०२४ मध्ये याच आजारावरच्या ओसिमर्टिनिब या गोळीवरचं सीमाशुल्क माफ झालं होतं आणि जीएसटी ५ टक्क्यांवर आला होता. सवलतीचं स्वागतच आहे. पण ज्याच्या गाठीची जनुकीय तपासणीच झालेली नाही, त्या रुग्णाला यातलं एकही औषध लिहून देता येत नाही.

आपल्याकडे हा आजार अजूनही बिडी-सिगारेटच्या खात्यावर टाकला जातो. त्यामुळे आयुष्यात कधी तंबाखूला हात न लावलेल्या बाईचा खोकला आणि घटलेलं वजन पाहून कित्येकदा क्षयाची औषधं सुरू होतात आणि मोलाचे महिने निघून जातात. भारतात अ‍ॅडेनोकार्सिनोमा या प्रकारचा फुफ्फुसाचा कर्करोग झालेल्या साधारण चार रुग्णांपैकी एकाच्या गाठीत ईजीएफआर या जनुकाचा बिघाड आढळतो. हे प्रमाण युरोप-अमेरिकेपेक्षा जास्त आहे आणि धूम्रपान न करणाऱ्यांत तो अधिक सापडतो. ‘जनुकीय’ म्हटलं की नातेवाईक धास्तावतात, ‘मुलांनाही होणार का?’ असं विचारतात. हे बिघाड बहुतेक वेळा फक्त गाठीतल्या पेशींत, आयुष्यात केव्हातरी घडलेले असतात. ते वारशाने पुढे जात नाहीत.

तपासणी न करता गोळी देऊन पाहायला काय हरकत आहे? याचं उत्तर २००९ सालीच मिळालं. पूर्व आशियातल्या १२१७ रुग्णांवरच्या ‘आयपास’ चाचणीत ईजीएफआरचा बिघाड असलेल्यांना जेफिटिनिबच्या गोळीचा केमोथेरपीपेक्षा जास्त फायदा झाला. बिघाड नसलेल्यांचा आजार मात्र त्याच गोळीवर केमोपेक्षा लवकर बळावला.

खरी अडचण असते ती तुकड्याची. बायोप्सीच्या सुईतून निघतो तो शेवईच्या काडीएवढा ऊतीचा तुकडा. तो फॉर्मलिनमध्ये ठेवून मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतात आणि त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप काढतात. कर्करोग आहे का, कोणत्या प्रकारचा, हे ठरवताना एकेक काप रंगवण्यात खर्ची पडतो. जनुकीय तपासणीची वेळ येते तेव्हा ब्लॉकमध्ये पुरेसं काही उरलेलंच नसतं. मग आधीच धाप लागलेल्या माणसाला पुन्हा सुई टोचायची. म्हणून बायोप्सीच्या दिवशीच डॉक्टरांनी ‘जनुकीय तपासणीसाठी ऊती राखून ठेवा’ असं लिहून द्यायला हवं. जिल्हा रुग्णालयातून तो ब्लॉक कुठे जाणार हेही तेव्हाच ठरलेलं असावं आणि खर्चाचा बोजा रुग्णावर पडू नये. अहवाल यायला दोन-तीन आठवडे लागले, तरी प्रकृती ढासळत असेल तर केमो सुरू करता येते. शरीराची प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या इम्युनोथेरपीची घाई मात्र धोक्याची. ती दिल्यावर ईजीएफआरचा बिघाड निघाला आणि पाठोपाठ ओसिमर्टिनिब सुरू केलं, तर फुफ्फुसाला गंभीर सूज येण्याची भीती वाढते.

महागड्या औषधांच्या या चर्चेत परळच्या टाटा रुग्णालयाचं एक काम पुन्हा पुन्हा सांगण्यासारखं आहे. डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी ईजीएफआरचा बिघाड असलेल्या ३५० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नुसतं जेफिटिनिब, दुसऱ्याला त्याच्या जोडीला पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन ही जुनी केमो. आजार आटोक्यात राहण्याचा मध्यकाल ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. गंभीर दुष्परिणाम २५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेले, म्हणजे ही वाट सोपी नाही. अशक्त रुग्णाला ती झेपेलच असं नाही. तरीही २०१९ मध्ये मांडलेला हा निष्कर्ष परवडणाऱ्या औषधांतून आला होता. पुढे ओसिमर्टिनिबला केमोची जोड देऊन बहुराष्ट्रीय चाचणी झाली आणि २०२५ मध्ये तिचे अंतिम आकडे आले: आयुर्मानाचा मध्यकाल नुसत्या गोळीवर ३७.६ महिने, जोडीने ४७.५. गोळी आणि केमोच्या जोडीचं बळ परळने कमी खर्चात आधीच दाखवून दिलं होतं, याची आपल्याकडे हवी तेवढी दखल घेतली गेली नाही.

आजार पसरलेला असेल तर या गोळ्या तो सहसा मुळासकट काढत नाहीत. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी गाठ नवा बिघाड घेऊन गोळीला दाद देईनाशी होते आणि पुन्हा तपासणी करावी लागते. आता ती रक्तावरही होते. गाठीतून रक्तात उतरलेले डीएनएचे अंश त्यात शोधतात. रक्तात बिघाड सापडला तर उपचार त्यावरून ठरवता येतात. नाही सापडला, तरी गाठीत तो नाहीच असं म्हणता येत नाही आणि शक्य असेल तर पुन्हा बायोप्सी करावी लागते.