पोकळ चौकट आणि पडद्याचा रॉड

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांपलीकडे गेला की पडदा ही शोभेची वस्तू राहत नाही. सकाळी नऊ-दहालाच घरोघरी खिडक्या लागतात, पडदे ओढले जातात आणि ऊन कलल्यावरच उघडतात. ही रोजची ओढाताण सोसतात ते दोन-तीन ब्रॅकेट आणि त्यांतले मूठभर स्क्रू.

धुळ्यात १८१९ च्या सुमारास ब्रिटिश अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने पेठ आखली. तिथल्या गल्ल्या अजूनही आकड्यांनीच ओळखल्या जातात. अशा जुन्या वस्तीतल्या घरांत पडदा कशाला अडकवायचा हा प्रश्नच नव्हता. लाकडी चौकटीला दोन हूक पिरगाळायचे, त्यांत स्प्रिंगची तार ताणायची, की पडदा लागला. आता नव्या बंगल्यांत पांढऱ्या यूपीव्हीसीच्या खिडक्या आल्या आहेत, आणि फिटरच्या हातातली जुनी सवय तिथे चालत नाही.

खरे तर हे प्लास्टिक जळगावला परके नाही. उद्योजक भवरलाल जैन यांनी इथे पीव्हीसी पाइपांचे उत्पादन १९८० मध्ये सुरू केले. खिडकीचे यूपीव्हीसी त्याच कुळातले: मऊपणा आणणारे द्रव्य न घातलेले, कडक. त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक क्लोरीन, तेही मिठापासून काढलेले. उन्हाने ते ठिसूळ होऊ नये म्हणून टिटॅनियम डायऑक्साइड मिसळतात. अशा खिडक्या पहिल्यांदा १९५० च्या दशकात जर्मनीत बनल्या, पण खानदेशाचे ऊन जर्मनीत कुठले!

गोम चौकटीच्या पोटात आहे. बाहेरून ती भरीव भासते. आत मात्र कप्पे असतात आणि प्लास्टिकची भिंत जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. एकट्या प्लास्टिकला धरलेला स्क्रू पडदा ओढता ओढता सैल होतो. मोठ्या खिडक्यांच्या कप्प्यांत गॅल्व्हनाइज्ड लोखंडाची पट्टी असते. स्क्रूने तिला धरायला हवे. ती शोधायला लोहचुंबक पुरतो. चौकटीवरून तो हळूहळू फिरवायचा. ओढ जाणवली की पेन्सिलची खूण, बारीक ड्रिल आणि मगच सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू. उघडणाऱ्या झडपेला मात्र हात लावू नये: तिरका गेलेला स्क्रू काचेच्या कडेला भिडला तर पडद्याऐवजी काच बदलायची वेळ येते.

तरी शहाणा फिटर आधी भिंतच बघतो. चौकटीला भोक पाडले तर अनेक कंपन्या वॉरंटी नाकारतात, आणि ब्लॅकआउट पडदा सहज दोन-तीन किलो भरतो. भिंतीतही अडथळा असतोच. खिडकीच्या डोक्यावर काँक्रीटचे लिंटेल. ड्रिल सळईवर आदळले की बिट बोथट. म्हणून रॉड लिंटेलच्या वर विटांत घेतात, पडदाही उंच दिसतो. घरमालकीण म्हणते, "दादा, आत्ताच रंग दिलाय, भिंतीला भोक नको." मग चौकटीला अडकवायचे क्लिपचे ब्रॅकेट निघतात. हलक्या जाळीदार पडद्याला ते ठीक, जड पडद्याला नाहीत.

चौकटीवरच लांब पट्टी लावायची तर आणखी एक हिशेब आहे. तापमान ३० अंशांनी वाढले की दोन मीटरचे यूपीव्हीसी चारेक मिलिमीटर लांबते. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच. म्हणून मधला स्क्रू घट्ट आवळतात आणि टोकाच्या भोकांना लांबट खाच ठेवतात.

एवढे करूनही पश्चिमेच्या खिडकीत पडदा उशिराच येतो, कारण ऊन तोवर काच ओलांडून आत आलेले असते. तिथे बाहेरून हिरवी शेडनेट किंवा वाळ्याचा पडदा जास्त उपयोगी. तो टांगायचे हूक चौकटीला नाही, वरच्या छज्ज्याला लावायचे.