समुद्रापासून समुद्रापर्यंत

सोलापुरांत जन्मलेल्या मनुष्यास समुद्र प्रथम भेटतो तो भूगोलाच्या पुस्तकांत. माझी व त्याची प्रत्यक्ष भेट झाली तेव्हां मी सत्तावीस वर्षांचा होतों. एका विवाहानिमित्त मुंबईस गेलों असतां चौपाटीवर तास दीड तास उभा राहिलों, इतकेंच. आणि गंमत अशी कीं, आमच्या गांवावरून जाणारा मोठा रस्ता पुण्याहून निघून हैदराबाद, विजयवाडा करीत थेट मच्छलीपट्टणास पूर्व समुद्राला जाऊन मिळतो. अंतर सुमारें ८४० किलोमीटर. शिक्षकीच्या पहिल्या वर्षीं मीं व माझ्या एका सहाध्यायानें त्या रस्त्यानें सायकलवरून समुद्र गांठण्याचा बेत केला होता. नळदुर्गच्या किल्ल्यांतील पाणीमहाल पाहिला, सहाध्यायाच्या सायकलीचा आंस मोडला, आणि दुसरे दिवशीं एका मालमोटारींत सायकली टाकून आम्ही घरीं परत आलों. मनूनें आर्यावर्ताची व्याख्या करतांना पूर्वसमुद्र व पश्चिमसमुद्र अशा दोन सीमा सांगितल्या आहेत. तो श्लोक वाचतांना मला पुढें नेहमीं ती मालमोटार आठवे.

तो अपुरा बेत गेल्या जून महिन्यांत, वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, पुरा झाला. मात्र भलत्याच देशांत. माझी मुलगी इंग्लंडांत न्यूकॅसल येथें एका रुग्णालयांत डॉक्टर आहे. आम्ही उभयतां तिच्याकडे उन्हाळ्यांत गेलों असतां एके रात्रीं जेवतांना ती म्हणाली, "बाबा, आपण पश्चिमेच्या समुद्रापासून पूर्वेच्या समुद्रापर्यंत सायकलनें जाऊं. पांच दिवस लागतील." जांवईबापूंनीं ताबडतोब रुकार दिला. आमच्या मंडळींनीं साहजिकच कडाडून विरोध केला; शेवटीं गुडघ्यांस पट्टे बांधावयाचे आणि मफलर सोडावयाचा नाहीं, ह्या दोन अटींवर परवानगी मिळाली.

ह्या मार्गाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. इंग्लंडचा उत्तर भाग हा रुंदीला फार मोठा नाहीं. कंब्रिया परगण्यांतील व्हाइटहेवन अथवा वर्किंग्टन ह्या बंदरांतून निघावें आणि पूर्वेस संडरलंड अथवा टाइनमथ येथें पोहोंचावें, असा हा सुमारें १४० मैलांचा मार्ग १९९४ सालीं सुरू झाला. तो आंखला सस्ट्रान्स ह्या नांवानें त्या वेळीं ओळखल्या जाणाऱ्या एका लोकसंस्थेनें. नवा रस्ता असा तिनें क्वचितच बांधला. १९६० च्या पुढेंमागें त्या देशांत शेंकडों मैलांचे लोहमार्ग तोट्याचे म्हणून बंद झाले. रूळ उखडले गेले, पण भराव, बोगदे, पूल जागच्या जागीं राहिले. त्यांवरून खडी अंथरून, गाड्यांची वर्दळ नसलेल्या खेड्यांतल्या वाटा त्यांना जोडून, निळ्या पाट्यांवर अंक घालून हा मार्ग तयार झाला. प्रवासाचा एक आचारही रूढ झाला आहे. निघतांना सायकलीचें मागचें चाक पश्चिमेच्या समुद्रांत भिजवावयाचें आणि पोहोंचल्यावर पुढचें चाक पूर्वेच्या समुद्रांत. आपल्याकडे काशीस जाणारा रामेश्वराची वाळू बरोबर नेई, त्याचीच ही धाकटी बहीण म्हणावयाची.

समुद्र ते समुद्र सायकल मारणें हें आपल्या लोकांस अपरिचित आहे असें मात्र कोणी समजूं नये. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन ह्या बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारें ३००० मैलांची शर्यत दोघांनीं मिळून नऊ दिवसांच्या आंत पुरी केली, आणि २०१७ सालीं नागपूरचे डॉ. अमित समर्थ ह्यांनीं तीच एकट्यानें बारा दिवसांच्या आंत संपविली. त्यांच्या पुढें आमचे १४० मैल म्हणजे देवळाला घातलेली प्रदक्षिणाच. त्यांतही मला विजेची मदत देणारी भाड्याची सायकल मिळाली होती, हें आधींच कबूल करतों. पायडल मारलें कीं कोणी अदृश्य विद्यार्थी मागून ढकलतो आहे असें वाटतें. मुलीची व जांवईबापूंची सायकल साधी होती.

व्हाइटहेवनचें बंदर आज शांत आहे. एके काळीं तेथें कोळसा निघे, आणि खाणींचे बोगदे समुद्राच्या तळाखालून मैलोगणती गेलेले होते. तेथून खाणीच्याच एका जुन्या लोहमार्गावरून आम्ही आंत वळलों. पुढें सरोवरांचा प्रदेश लागतो. हिरवेपणाचें वर्णन करण्यास मी असमर्थ आहें. सोलापूरच्या माणसास जून महिन्यांत हिरवा रंग ठाऊक असतो तो भाजीच्या दुकानांतला! चुन्यावांचून नुसत्या दगडावर दगड रचलेल्या भिंती डोंगराच्या माथ्यापर्यंत गेलेल्या दिसतात, आणि मेंढ्या रस्त्यावर अशा बसतात कीं आपणच त्यांची क्षमा मागून पुढें जावें. केझिक गांवीं पहिला मुक्काम झाला. जवळच्या बॉरोडेल खोऱ्यांत सोळाव्या शतकांत शुद्ध शिसें, म्हणजे खरें पाहतां ग्राफाइट, सांपडलें आणि त्यांतून तेथला पेन्सिलींचा धंदा जन्मला. जन्मभर ज्या वस्तूची टोकें मुलांकडून करून घेतलीं, तिचें माहेर पाहून मला जो आनंद झाला तो जांवईबापूंस फारसा समजला नाहीं.

जेवणाची अडचण पडेल अशी भीति होती. परंतु आमच्या मंडळींनीं पिशवींत कडक भाकरी आणि शेंगांची चटणी भरून दिली होती, आणि ही सोलापुरी शिदोरी पांच दिवस इंग्लंडच्या पावसालाही पुरून उरली. केझिकच्या घरमालकिणीनें भाजलेल्या पावाबरोबर ती चटणी चाखली आणि डोळ्यांतून पाणी काढीत आणखी मागितली.

दुसरे दिवशीं ग्रेटा नदीच्या कांठानें, १९७२ सालीं बंद पडलेल्या आगगाडीच्या वाटेनें निघालों. २०१५ च्या डिसेंबरांतल्या महापुरानें ह्या वाटेवरचे पूल वाहून गेले होते. लोकांनीं पांच वर्षें नेट धरून २०२० सालीं ती पुन्हां खुली करविली. पेन्रिथला रात्रीं मुक्काम केला, आणि तेथें माझ्या हातून ती चूक झाली. सायकलीच्या बॅटरीचा प्लग मीं भिंतींत बसविला, पण वरचें बटण दाबावयाचें राहून गेलें.

सकाळीं ईडन नदी ओलांडेपर्यंत कांहीं कळलें नाहीं. पुढें हार्टसाइडचा घाट येतो. घाटमाथा १९०४ फूट उंच असून नदीच्या खोऱ्यांतून दीड हजार फुटांहून अधिक चढावें लागतें. चढ लागला आणि माझा अदृश्य विद्यार्थी मला सोडून गेला. वीज गेलेली ती सायकल म्हणजे सामानानें भरलेला हातगाडाच. जांवईबापू पुढें निघून गेले होते. मी उतरलों आणि ढकलूं लागलों. मुलगीही उतरली. "तूं जा पुढें," मी म्हणालों. "नको, चालूं कीं," ती म्हणाली.

अर्धा तास आम्ही कांहीं बोललों नाहीं. मग ती सहज म्हणाली, "बाबा, दहावीच्या वर्षीं मीं सायकल मागितली होती, आठवतें?"

आठवत होतें. आमचें कुटुंब चौदा माणसांचें. माझे ज्येष्ठ बंधु, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतों, हे घरचे कर्ते. माझा पगार महिन्याच्या महिन्यास त्यांच्या हातीं जाई आणि तो कधीं अपुरा पडला असें मला ठाऊक नाहीं. दादांच्या दोन्ही मुलांना सायकली होत्या. हिनें मागितली तेव्हां पंक्तींत सर्वांसमक्ष दादा म्हणाले, "मुलीला सायकल कशाला? चालत जाईल." गांवांतल्या शेंकडों मुली तेव्हां सायकलीवरून शाळेस जात होत्या, प्रश्न गांवाचा नव्हता, आमच्या घराचा होता. ती वर्षभर पहांटेच्या अंधारांत शिकवणीस अडीच मैल पायीं गेली. ह्याच दादांनीं दोन वर्षांनीं तिच्या वैद्यकीय शिक्षणासाठीं होटगी रस्त्यावरचा स्वतःच्या नांवाचा प्लॉट विकला आणि त्याची वाच्यताही केली नाहीं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, एकाच घरांतल्या.

मीं तिला प्लॉटाची आठवण दिली. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "काकांचा मला कधींच राग आला नाहीं. ते जें वाटलें तें बोलले. तुम्हांला काय वाटलें तें मात्र मला कळलें नाहीं. तुम्ही ताटावरून मान वर केली नाहींत. सायकल चालवायला मी इथें येऊन शिकलें, एकोणतिसाव्या वर्षीं, लहान मुलांच्या बागेंत."

मला काय वाटलें होतें? सायकल द्यावी, असेंच वाटलें होतें. शाळेंत मी शिस्तीचा मास्तर, चाळीस मुलांपुढें तोंड चालविणारा. घरीं मात्र वडील भावापुढें बोलणें हा अविनय, अशी सोयीची समजूत मीं करून घेतली होती. विनय कोणता आणि भित्रेपणा कोणता, हें मला संस्कृताच्या व्याकरणासारखें सोडवून दाखवितां आलें नसतें. घाटांत मी कांहींच उत्तर दिलें नाहीं. वारा समोरून होता, ही सबब आहे, खरी नव्हे.

माथ्यावर पूर्वीं एक प्रसिद्ध चहाचें दुकान होतें. तें २०१८ च्या मार्चांत जळून गेलें. आम्हीं बरोबरचा चहा घेतला. मागें वळून पाहिलें तों सरोवरांचे डोंगर आणि दूर पश्चिमेस सॉल्वे खाडीचें पाणी चकाकत होतें. तेव्हां मी म्हणालों, "मला द्यावीशी वाटली होती. मी बोलायला हवें होतें." तिनें पेला झटकला, माझ्या मफलरची गांठ सारखी केली आणि म्हणाली, "पाऊस येतोय, निघूं या."

उतारास वीज लागत नाहीं. त्या दिवशीं खालीं नेंटहेड नांवाच्या खेड्यांत एका सद्‌गृहस्थानें दोन तास बॅटरी भरूं दिली. हें खेडें शिशाच्या खाणींसाठीं एका क्वेकरपंथी कंपनीनें वसविलें; मजुरांच्या मुलांसाठीं शाळा आणि मोठ्यांसाठीं वाचनालय तिनें येथें काढलें होतें. पुढचा ब्लॅक हिल हा मार्गांतला सर्वांत उंच बिंदु, सुमारें २००० फूट. तो मीं पावसांत, विजेच्या जोरावर, निर्लज्जपणें चढला. ॲलनहेड्स, रूकहोप, स्टॅनहोप हीं गांवें धुक्यांत आलीं आणि गेलीं.

कॉन्सेट मात्र विसरणें शक्य नाहीं. गांवाच्या अलीकडे हाउन्स गिल ही खोल दरी असून तिजवर १८५८ चा विटांचा उंच पूल आहे. त्याचा स्थापत्यकार टॉमस बूश. ह्याचाच टे नदीवरचा पूल १८७९ सालीं वादळांत आगगाडीसकट कोसळला. हा अद्यापि उभा आहे, तरी मीं तो थोडा घाईनेंच ओलांडला. कॉन्सेटला पोलादाचा प्रचंड कारखाना होता. त्याच्या तांबड्या धुळीनें घरें, वाळत घातलेले कपडे, सारें रंगून जाई. १९८० सालीं तो बंद झाला आणि साडेतीन हजारांवर माणसें एकदम घरीं बसलीं. आज कारखान्याच्या जागीं गवत आहे, घरें आहेत, दुकानें आहेत. धूळ गेली. एक वृद्ध गृहस्थ बाकावर बसले होते, मीं विचारल्यावर ते म्हणाले, "हवा चांगली झाली." एवढेंच म्हणाले, आणि त्यांच्या स्वरावरून ती त्यांना आवडली असावी असें वाटलें नाहीं. मला आमच्या मिलांचे भोंगे आठवले. जुनी मिल गेली, पुढें लक्ष्मी-विष्णु गेली. भोंग्यावर घड्याळ लावणारें सोलापूर आतां भोंग्याविना उठतें. माझ्या वर्गांतलीं कितीतरी मुलें त्या वर्षांत फी न भरतां बसत, आणि मग एके दिवशीं बसत नाहींशीं होत.

शेवटचा दिवस उताराचा. संडरलंडला नदीच्या मुखाजवळ सेंट पीटरचें देऊळ आहे. तें इसवी सन ६७४ मध्यें स्थापन झालें, आणि त्याच्या खिडक्यांसाठीं कांच करणारे कारागीर फ्रान्सहून आणविले होते. येथल्या मठांत बीड नांवाचा मुलगा सातव्या वर्षीं शिकावयास आला, म्हणजे आपल्याकडे मुंज होऊन गुरुगृहीं जावें तसा. पुढें तो मोठा इतिहासकार झाला, आणि त्यानें छंदःशास्त्रावरही एक ग्रंथ लिहिला. मीं देवळास बाहेरून नमस्कार केला. जांवईबापू घड्याळ पाहत होते.

रोकरच्या वाळूंत आम्ही सायकली ढकलीत पाण्यापर्यंत गेलों. समुद्र राखाडी रंगाचा होता आणि पाणी बर्फासारखें गार. मुलीनें प्रथम माझें चाक पाण्यांत घालावयास लावलें, मग स्वतःचें घातलें. तिनें तेथूनच सोलापूरला फोन लावला, चित्रासह. पडद्यावर माजघर दिसलें. दादा मध्यें, भोंवतीं सारीं मुलें. दादांनीं चष्मा सारखा करून विचारलें, "किती मैल झाले?" मुलगी म्हणाली, "एकशें चाळीस, काका." "पडली नाहींस ना कुठें?" "नाहीं, काका." मग ते बराच वेळ तिच्या सायकलीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "चाकें फार बारीक दिसतात."

श्रावणांत आम्ही परत आलों. पहिल्याच रात्रीं ओट्यावर मीं दादांना सारा प्रवास सांगितला. हार्टसाइडच्या घाटांत काय बोलणें झालें तेंही, एक अक्षर न गाळतां. त्यांच्यापुढें इतकें सलग बोलण्याची माझी ती पहिलीच वेळ असावी. दादा सुपारी कातरीत होते. अडकित्ता मध्येंच थांबला, पुन्हां चालूं लागला. नंतर त्यांनीं विचारलें, "अडीच मैल होतें का रे तें? मला वाटलें होतें, मैलभर असेल."