ओळखीचा परिसर – भाग ६ : कानाचा आणि नाकाचा नकाशा

गेल्या आठवड्यात आपण डोळ्यांनी नकाशा काढला. केविन लिंच यांनी बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस इथल्या रहिवाशांना आपापल्या शहराची चित्रं काढायला सांगितली आणि त्यातून १९६० साली ‘द इमेज ऑफ द सिटी’ हे पुस्तक उभं राहिलं, तेही पाहिलं. तुमच्या नकाशात रस्ते असतील, चौक असतील, लांबून दिसणारी एखादी पाण्याची टाकी असेल. वेळ मात्र कुठेच नसेल. टाकी सकाळी जिथे असते तिथेच रात्रीही असते, म्हणून वेळ लिहायची गरज पडली नाही. कानाच्या आणि नाकाच्या नकाशाचं तसं नाही. तो घड्याळावाचून काढताच येत नाही.

कानापासून सुरुवात करू. कॅनडातले संगीतकार आर. मरे शेफर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस सायमन फ्रेझर विद्यापीठात परिसरातल्या आवाजांची नोंद करण्याचा प्रकल्प सुरू केला. त्यांनी आवाजांचे तीन वर्ग पाडले. सतत चालू असतो म्हणून ज्याकडे लक्षच जात नाही, तो पार्श्वभूमीचा आवाज. किनाऱ्यावरच्या गावात समुद्राची गाज असते तसा. मुद्दाम लक्ष वेधणारा, तो इशाऱ्याचा आवाज. आणि त्या जागेचीच ओळख असणारा, म्हणजे खुणेचा आवाज.

पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी या तिसऱ्या वर्गात बसते. तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे जवळजवळ, एकसारखे ठोके देत मठारकाम चालतं. त्या ठोक्यांनी पत्रा कणखर होतो आणि भांड्याला चकाकीही येते. छापील नकाशात ही आळी इतर गल्ल्यांसारखीच एक बारीक रेघ आहे. कानाच्या नकाशात ती वळणाच्या अलीकडेच सुरू होते आणि काम थांबलं की पुसली जाते.

एकच आवाज वर्ग बदलतो, हे मुंबईच्या गिरणगावात दिसतं. गिरणीचा भोंगा हा पाळीचा इशारा. पण लालबाग-परळच्या चाळींत घरातली कामंही त्याच्यावर बेतलेली असायची, त्यामुळे तो सगळ्या वस्तीची खूण झाला. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. काही ठिकाणी धुराडी अजून उभी आहेत आणि ती डोळ्यांच्या नकाशात येतात. भोंग्याला तशी जागा राहिली नाही.

सरकारी मोजणीतही ही खूण सापडत नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती हवीच, आणि कडकपणे पाळली जायला हवी. पण आकडा फक्त जोर सांगतो. तेवढ्याच डेसिबलचा कोकिळेचा आवाज आणि जनरेटरचा आवाज त्याच्या लेखी सारखेच. आपल्या नकाशात आकड्याऐवजी आवाजाचं नाव लिहायचं ते यासाठी.

नाकाचं काम जास्त अवघड. कोणत्याही वासाला नाक काही मिनिटांत सरावतं. म्हणून आपल्या घराचा वास पाहुण्याला येतो, आपल्याला येत नाही. शिवाय वास वाऱ्याबरोबर सरकतो. ब्रिटिश डिझायनर केट मॅक्लीन लोकांबरोबर शहरात वास घेत फिरतात आणि त्याचे नकाशे काढतात. त्यांच्या एडिनबरोच्या नकाशात मद्यनिर्मितीच्या कारखान्यांचा वास नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबर शहरभर पसरताना दाखवला आहे. उगम एका ठिकाणी आणि वास भलतीकडेच, हे अशा नकाशाशिवाय कळणं कठीण.

आपल्याकडचं ठळक उदाहरण विलेपार्ल्याचं. १९२९पासूनच्या पार्ले कारखान्यात बिस्किटं भाजली जायची आणि लोकलमध्ये दाराशी उभ्या माणसाला पाटी दिसण्याआधी स्टेशन कळायचं. २०१६ साली तिथलं उत्पादन थांबलं. स्टेशन तिथेच आहे, नावही तेच आहे.

जिभेबद्दल थोडक्यातच. रस्त्यावरचं काही चाखत फिरा असं मी सुचवणार नाही. पण चवीवरून आखलेला एक अख्खा प्रदेश महाराष्ट्रात आहे: अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतला पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा. तिथलं भूजल खारट आहे, आणि पिकं काय घ्यायची, प्यायचं पाणी कुठून आणायचं, हे त्यावर ठरत आलं आहे.

आता या आठवड्याचं काम. घरापासून बाजारापर्यंतचा रोजचाच रस्ता घ्या. पहाटे, भर दुपारी आणि दिवेलागणीनंतर असा तीन वेळा चाला. प्रत्येक वेळी नवा कागद, वर तारीख, वेळ आणि वारा कुठून येतो आहे ते. आवाज निळ्या पेन्सिलीने, वास तांबड्या. परिसरात नवखा असलेला एखादा पाहुणा बरोबर न्या, कारण तुमचं नाक तिथल्या वासांना सरावलेलं आहे. मग आळीतल्या जुन्या माणसाला विचारा, इथे पूर्वी काय ऐकू यायचं, कसला वास यायचा. त्यांनी सांगितलेलं तुटक रेषेने काढा आणि शेजारी साल लिहा. नेमकं आठवत नसेल तर कोणाच्या लग्नाआधी, कोणत्या दुष्काळानंतर, तेवढं तरी.

हे कागद जपून ठेवा. पुढच्या आठवड्यात त्यांच्यावरच तळपायांनी आणि बोटांनी भर घालायची आहे. सुरुवात करू मेट्रो स्टेशनातल्या पिवळ्या, उठावाच्या फरशीपासून, जी जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ साली तयार केली.